नाटकात गेलेली म्हण

"पाणी गायला लागल्याशिवाय ताट मांडू नये," असं नील्दा म्हणायची. गिऱ्हाइकाने घाई केली तरी हेच, शेजारणीने सोयरीक पक्की होण्याआधी लग्नाचा कपडा आणला तरी हेच, आणि नवं सरकार आलंय, आता बरे दिवस येणार, असं न्हावी दारात येऊन सांगायला लागला तरी हेच. म्हणताना ती मान वर करत नसे. हातातलं कातणं पिठाच्या लांब पातीवरून सरळ चालत असायचं आणि त्याच्यामागे सारण भरलेले रॅव्हिओलीचे चौकोन एकेक सुटे होत जायचे, शाळा सुटल्यावर पोरं सुटावीत तसे.

ही म्हण तिला कुणा आजीकडून आली नव्हती. ती तिची स्वतःची होती. लहानपणी तिचा बाप दक्षिणेला मेंढ्यांची लोकर कातरायच्या हंगामाला गेला. हंगाम सरला, बाकीची माणसं परत आली, बाप आला नाही. पोर रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडायची आणि आई रोज ते उचलून ठेवायची. एका संध्याकाळी आईने ते उचललं नाही, फरशीवर आपटलं. नील्दा खाली बसून तुकडे वेचत होती, तेवढ्यात चुलीवरचं पाणी गुणगुणायला लागलं. शेजारी धाकटी बहीण इर्मा रडत होती. तिला गप्प करायला नील्दा म्हणाली, "पाणी गायला लागल्याशिवाय ताट मांडू नये गं. माझंच चुकलं." बाप आला नाही तो नाहीच. म्हण तेवढी राहिली.

पुढे आईने आपल्या इटालियन लोकांच्या रॅव्हिओलीचं दुकान काढलं. ब्युनोस आयर्सच्या चाकारिता भागात, दफनभूमीच्या भिंतीपासून दोन वळणांवर. जागा चांगली होती. रविवारी लोक फुलं घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर जायचे आणि परत येताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून रॅव्हिओली न्यायचे. मेलेल्यांना फुलं, जित्यांना जेवण. पेस्कारोलो बाईंच्या दुकानाची पात पातळ असते आणि सारण कंजूष नसतं, असं त्या भागात सगळे म्हणत. सारण कंजूष नव्हतं, पण बाई होती. घरात साय कधी कुणाच्या ताटात पडली नाही. साय गिऱ्हाइकाची, घरच्यांना रस्सा आणि पाव.

मग आईचं अर्धं अंग गेलं आणि ती वरच्या खोलीत पडून राहिली. इर्माने दुकान धरलं, नील्दाने आईला. इर्मा सव्वीस वर्षांची होती तेव्हा, नील्दा तिशीला टेकली होती. आई गेली तेव्हा दोघींचे केस पिकायला लागले होते. मधली सगळी वर्षं नील्दाने आईला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. आईची जीभ काही लुळी पडली नव्हती. बापाचा सगळा राग तिने नील्दावर काढला, कारण ताट मांडणारी तीच होती.

आई गेल्यापासून नील्दाच्या गळ्याखाली रॅव्हिओली उतरेना. दिवसभर करायची, विकायची, पण घास तोंडाशी नेला की घसा मिटायचा. झोपही गेली. इर्मा गिऱ्हाइकांना सांगायची, "ताईचा आईवर फार जीव होता हो. बघा ना, अन्न सुटलंय तिचं." हे ऐकलं की नील्दाचं कातणं वाकडं जायचं.

ती साठ-पासष्ट सालची गोष्ट. त्या दिवसांत शहराला स्वप्नांचं आणि मनाच्या डॉक्टरांचं वेड होतं. दुकानाच्या रांगेत बायका टोमॅटोच्या भावाआधी रात्रीचं स्वप्न सांगायच्या. "माझा डॉक्टर म्हणतो" हे शब्द कानावर पडले नाहीत असा दिवस जात नसे. पोट दुखलं तर आईमुळे, बस चुकली तर बापामुळे. रविवारी संघ हरला तर न्हाव्याच्या दुकानात गोलकीपरच्या बालपणाची चर्चा व्हायची. मासिकांत, रेडिओवर, सिनेमात, जिथे बघावं तिथे कोच आणि त्यावर आडवं पडलेलं माणूस. शाळेतल्या एक बाई नेमाने दुकानात येत. त्यांनी नील्दाचे खोल गेलेले डोळे बघून एक पत्ता दिला. म्हणाल्या, "तिथे जा. तुम्ही बोलायचं, तो ऐकतो. आणि त्या खोलीतलं त्या खोलीतच राहतं, पाद्र्यासमोर कबुली दिल्यासारखं."

अशी नील्दा शहराच्याच पालेर्मो भागातल्या डॉक्टर आल्कोर्ताकडे जायला लागली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात.

त्या इमारतीचा रखवालदार सेवेरिनो नावाचा स्पेनमधल्या गालिसियाचा माणूस होता. वर जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना तो ओळखायचा आणि कुणालाच ओळख दाखवायचा नाही. तशी रीतच होती. लिफ्टमध्ये दोन पेशंट भेटले तर दोघंही लिफ्टची बटणं निरखायचे. नील्दाने एकदा नाताळच्या सुमाराला डॉक्टरसाठी रॅव्हिओलीचं खोकं नेलं. डॉक्टरने ते घेतलं नाही. शांतपणे विचारलं, "मला भरवावंसं वाटण्याचा अर्थ काय असेल?" नील्दाला अर्थ सांगता आला नाही. खाली येऊन तिने खोकं सेवेरिनोच्या हातात दिलं आणि झालेलं सांगितलं. पुढच्या खेपेला सेवेरिनो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, सारण फार छान होतं. अर्थ काही सापडला नाही." नील्दा कितीतरी दिवसांनी हसली.

वर खोलीत कोच होता, उशीवर कागदी रुमाल होता, आणि डॉक्टर डोक्यामागच्या खुर्चीत. तो दिसायचा नाही. पाइप पेटवल्याची काडी ऐकू यायची, खोकला ऐकू यायचा, आणि वेळ संपली की "आज इथेच थांबूया". नील्दाला दिसायचं ते फक्त छत. छतावर ओल येऊन एक डाग पडला होता. त्या डागाशी ती बोलायला शिकली. पहिलं वर्ष पीठ-मीठच बोलली. दुसऱ्या वर्षी बाप आला, फुटलेलं ताट आलं, म्हण आली. डॉक्टर म्हणाला, "फार सुंदर म्हण आहे." तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारी ती दुपार आली.

आई मेली ती दुपार. नील्दा शेजारी बसली होती. श्वास थांबला हे तिला कळलं. तिने डोळे मिटवले, चादर सारखी केली, आणि इर्माला हाक मारली नाही. वरच्या छोट्या शेगडीवर पाणी ठेवलं. सकाळी वर आणून ठेवलेली रॅव्हिओली उकडली, गिऱ्हाइकांची साय त्यावर ओतली, आणि आईच्या अंथरुणाला गुडघा टेकवून ताट भरून जेवली. मधेच इर्मा दाराशी आली. नील्दा तोंडातला घास गिळून म्हणाली, "झोपलीय." मग दुसऱ्या खाटेवर आडवी झाली आणि कित्येक वर्षांत झोपली नव्हती अशी गाढ झोपली. उठल्यावर खाली जाऊन म्हणाली, "इर्मा, आई गेली."

हे छताला सांगून झालं. मागून नेहमीचा शांत आवाज आला. त्या रात्री तिला झोप लागली. डॉक्टर तिला देव वाटला असं नाही, ती तसली बाई नव्हती. पण जगात एक खोली आहे जिथे ही दुपार ठेवता येते, आणि ती खोली बंद राहते, हे तिला पुरलं. इर्माला सांगायचं तिने कितीदा तरी मनात आणलं. समोर तिचा पिठाने माखलेला, भाबडा चेहरा दिसला की शब्द परत फिरायचे. आता कशाला, असं ती स्वतःला म्हणायची.

फेब्रुवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, शहरातले सगळे डॉक्टर समुद्रावर जात. त्या महिन्यात पेशंट पोरके होत. रांगेतल्या बायका आपसांतच स्वप्नं सोडवायच्या. आल्कोर्ताही जायचा. तिकडे वाळूवर एकाच ओळीत डॉक्टरांच्या छत्र्या असायच्या आणि नाटकवाल्यांच्याही, हे सगळ्यांना माहीत होतं. नील्दालाही. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

उन्हाळा सरला, पानगळ सुरू झाली. एक दिवस एक अनोळखी गिऱ्हाईक घाई करायला लागलं. नील्दा सवयीने म्हणाली, "पाणी गायला लागल्याशिवाय ताट मांडू नये." माणूस खळखळून हसला. "बघितलंत वाटतं तुम्हीपण नाटक." नील्दाला कळलं नाही. दोन दिवसांनी एका पोरीने तेच विचारलं. मग रांगेतल्या एका बाईने नील्दाने तोंड उघडायच्या आत स्वतःच ती म्हण म्हटली, नाकातून, हात कमरेवर ठेवून, आणि सगळी रांग हसली. इर्माही हसली. "ताई, तुझी म्हण बघ कुठवर गेली." शाळेतल्या बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "रोज नाटकातलं बोलता आणि नाटक बघितलं नाहीत?" त्यांनीच शनिवारची दोन तिकिटं आणून दिली.

नाट्यगृहांच्या कोरिएन्तेस रस्त्यावर शनिवारी जत्राच असते. दोघी बहिणी निळे कोट घालून गेल्या, वाटेत उभ्याउभ्या पिझ्झा खाल्ला. म्हणजे इर्माने खाल्ला. नाटक होतं रोझारिओ शहरातल्या एका विधवेचं. टोप्या शिवणारी. सासू अंथरुणावर. सासू कजाग, सून मुकाट. लोक हसत होते. इर्मा सगळ्यांत मोठ्याने. मग सासू मरते. सून हाक मारत नाही. पाणी ठेवते. मॅकरोनी शिजवते, साय ओतते, मढ्याशेजारी बसते. धाकटी जाऊ दार ठोठावते तेव्हा तोंडात घास तसाच ठेवून म्हणते, "झोपल्यायत." नाट्यगृह हसून हसून कोसळलं. मग नटी प्रेक्षकांकडे वळली, काटा वर धरला आणि नाकातून म्हणाली, "पाणी गायला लागल्याशिवाय ताट मांडू नये."

टाळ्या पडल्या. नील्दाने बाजूला बघायचं धाडस केलं नाही. इर्माचं हसणं कुठे थांबलं ते मात्र तिने ऐकलं होतं. म्हणीवर नाही. त्याआधीच, दारावर.

घरी येताना इर्मा दोन पावलं पुढे चालली. रविवारी थडग्यांवरून परतणाऱ्यांची नेहमीची गर्दी होती. इर्माने खोकी बांधली, दोरा दाताने तोडला, सुटे दिले. सगळं उरकल्यावर तिने दाराची जाळी ओढली, हात धुतले, आणि मागे न वळता म्हणाली,

"माझ्या हातात सूप होतं."

नील्दा उभी राहिली.

"आईचं सूप घेऊन आले होते मी. तू म्हणालीस झोपलीय. मी ते परत खाली आणून झाकून ठेवलं. गार होऊ नये म्हणून."

"इर्मा..."

"तू जेवलीस त्याचं मला काही नाही. आईने तुला काय दिलं ते मी बघितलंय. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीपण जेवले असते." आता ती वळली. "पण इतकी वर्षं मी तुझ्यासमोर उभी राहून पीठ मळतेय आणि तू शहरापार जाऊन एका परक्या माणसाला सांगत होतीस. आडवं पडून. मी गिऱ्हाइकांना सांगत राहिले, ताईचा आईवर जीव होता. तू ऐकत राहिलीस. आता सगळ्या कोरिएन्तेसला ठाऊक आहे. मला नाटकवाल्यांनी सांगितलं."

नील्दाने ओट्यावरचं कातणं उचललं आणि परत ठेवलं.

"आता तुझ्या तोंडून सांग. माझ्याकडे बघून सांग, मग बघू."

नील्दाने तोंड उघडलं. मान आपोआप वर गेली. दुकानाच्या छतावर डाग नव्हता, नुसती पिठाची धूळ आणि दिव्याभोवती माशी. ती बोलायला शिकली होती, पण तिकडेच, आडवं पडून, कुणाचा चेहरा नसताना. उभ्याने, चेहऱ्यासमोर, एक अक्षर येईना.

इर्माने थोडा वेळ वाट पाहिली. "वर काय बघतेस?" ती म्हणाली. "तिथे कोण बसलंय?" आणि जिना चढून आपल्या खोलीत गेली. सोमवारी ती नील्दाशी फक्त पीठ आणि सारणाचं रिकोटा चीज याबद्दल बोलली, तेही तुटक, मालकिणीने नोकराशी बोलावं तसं. ताई म्हणाली नाही.

मंगळवारी नील्दा पालेर्मोला गेली. तिला एकच हवं होतं: डॉक्टरने साधं म्हणावं, हो, मी बोललो. ते वाक्य घेऊन तिला इर्माकडे जायचं होतं. निदान एवढं तरी, की मी शहराला सांगितलं नाही, माझं चोरलं गेलं.

ती कोचावर आडवी झाली. "शनिवारी नाटकाला गेले होते," ती छताला म्हणाली. "एक बाई मेलेल्या माणसाशेजारी बसून जेवते."

मागे काडी ओढली गेली. विझली. दुसरी ओढली गेली.

"तुम्हाला काय वाटलं?"

"चोरी झाली असं वाटलं."

"चोरी," आवाज हळूच म्हणाला. "चोरी म्हटल्यावर काय आठवतं?"

त्या खोलीची रीतच ती होती. कुठेही दगड फेकला तरी तो आपल्याच विहिरीत पडायचा. इतकी वर्षं नील्दा त्या विहिरीत वाकून बघत आली होती.

"तुम्ही आठवता," ती म्हणाली.

मागून समजुतीचा सूर आला. तिला आईवर कधी रागावता आलं नाही, तो राग आता इथे येतोय, आणि हे वाईट नाही, उलट चांगली खूण आहे. नील्दाच्या मनात आलं, घर फोडलंय आणि पोलीस घरमालकाला विचारतोय, तुम्हाला कुलपांची एवढी आवड कधीपासून?

"डॉक्टर, तुम्ही बोललात की नाही, एवढंच सांगा."

खुर्ची करकरली. "असं समजा, की कधी कुठे काही बोललं गेलंच, तर सगळं बदलून बोललं जातं. आमच्या कामात ती शिस्त आहे. गाव बदलतं, नातं बदलतं, धंदा बदलतो. माणूस ओळखू येत नाही. आणि ती म्हण तर तुम्हा इटालियन लोकांत घरोघरी म्हणतातच."

म्हणीचं नाव नील्दाने घेतलं नव्हतं.

ती उठून बसली. पाय खाली सोडले आणि मागे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला बसलेला पाहिला. विणलेल्या बंडीवर कसला तरी डाग होता. खोकल्यावरून वाटायचा त्यापेक्षा तो माणूस लहान होता. त्याची नजर तिच्यावर टिकेना. ती छताकडे गेली, मग खिडकीकडे.

"नील्दाबाई, आडव्या व्हा," तो म्हणाला.

"नाही. माझ्याकडे बघा." ती थांबली, त्याने बघेपर्यंत. "ती म्हण घरोघरी नाही. ती माझी आहे. माझ्या बापाचं ताट फुटलं तेव्हा मी ती केली, माझ्या बहिणीला गप्प करायला. आणि आई मेली त्या दुपारी मी तिच्याशेजारी बसून साय घातलेली रॅव्हिओली खाल्ली. इर्मा दाराशी सूप घेऊन आली होती. मी तिच्याशी खोटं बोलले. मग झोपले. टोप्या शिवणारी बाई नव्हती ती. मी होते."

बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. समोर चेहरा होता, आणि शब्द आले होते. चेहरा काही फार चांगला नव्हता, पण चेहरा होता.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरने पाइप उलटा करून ठोकला. घड्याळाकडे बघितलं. अजून अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता. त्याचे ओठ हलले, नेहमीच्या वाक्यासाठी हलले, पण ते वाक्यही बाहेर आलं नाही.

नील्दाने कोट घातला. उशीवरचा कागदी रुमाल उचलला. त्यावर तिच्या डोक्याची वळी पडली होती. तिने त्याची नीट घडी केली आणि पिशवीत टाकली. तेवढंच तिचं तिथे उरलं होतं.

खाली सेवेरिनो रबरी नळीने फुटपाथ धूत होता. तिला वेळेआधी आलेलं बघून तो रीत विसरला.

"आज लवकर, बाई?"

"आज एकोणतीस तारीख," नील्दा म्हणाली. "न्योकीचा दिवस. बटाट्याच्या त्या गोळ्यांसाठी संध्याकाळी रांग लागेल. इर्मा एकटी आहे."

"मग शुक्रवारी?"

समोरून बस आली, दार उघडलं, तिने हातानेच नको म्हटलं. चाकारिता काही जवळ नव्हतं. वाटभर तिला तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत जायची होती, मान सरळ ठेवून, आणि इर्मा ऐकून घेईल की जाळी ओढेल, हे तिला ठाऊक नव्हतं. पाणी अजून गायला लागलेलं नव्हतं. तरी ती निघाली.

सेवेरिनोने तिच्या पायावर शिंतोडे उडू नयेत म्हणून नळ बंद केला. दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टरच्या खिडकीत, पडदा थोडा सरकला आणि परत जागेवर आला. ते सेवेरिनोने बघितलं नाही. तो हातात नळी धरून उभा राहिला आणि झाडांच्या गळत्या पानांतून जाणारा तो निळा कोट, कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला.